समान वाटणी आणि योग्य वाटणी

आमच्या भोपाळ शहरातील वस्त्यांची नावे परगावच्या पाहुण्यास मोठी चमत्कारिक वाटतात. पुण्यास नारायण, सदाशिव, शनिवार अशा पेठा आहेत. येथे पाहुणा बसमध्ये बसला की त्याच्या कानी '४५ बंगले', '७४ बंगले', '११०० क्वार्टर', '१२५० क्वार्टर' अशी नावे पडतात. त्यावर '५ नंबर', '१० नंबर', '१२ नंबर' हे स्टॉप आहेतच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरकडील कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली आणि या क्वार्टरांतून राहिली. घरे मोजून बांधली गेली आणि मोजणीचा आकडाच वस्तीचे नाव होऊन बसला. आम्हांस या नावांत काव्य कधी दिसले नव्हते. परंतु यंदा शाळेत एक लहानसा प्रसंग घडला आणि या रुक्ष आकड्यांकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

प्रसंग असा. शाळेतील सर्व संगणक एका जाळ्यात जोडावयाचे ठरले. जाळ्यातील प्रत्येक यंत्रास एक पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. आमच्या हाती २५६ पत्त्यांचा एक गट होता आणि तो चार ठिकाणी वाटावयाचा होता: संगणककक्ष, ग्रंथालय, शिक्षकांची खोली आणि कार्यालय. चार वाटेकरी आहेत, तर चार सारखे भाग करावे, प्रत्येकास ६४ पत्ते, कोणाची तक्रार नको, असे बैठकीत ठरले. या ठरावास आम्हीही आनंदाने मान डोलावली; किंबहुना 'न्याय्य' हा शब्द प्रथम आमच्याच तोंडून निघाला होता.

प्रत्येक भागातील पहिला पत्ता त्या भागाच्या नावासाठी राखून ठेवावा लागतो, शेवटचा त्या भागातील सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी, आणि एक दाराशी बसलेल्या राउटरला द्यावा लागतो. म्हणजे ६४ पैकी यंत्रांसाठी उरले ६१. संगणककक्षात ४० संगणक होते, तोवर सर्व सुरळीत चालले. पुढे सराव चाचणीच्या दिवशी ३० टॅबलेट आणले गेले. यंत्रे झाली ७०. शेवटी नऊ मुले टॅबलेट हाती घेऊन बसून राहिली. त्यांच्या यंत्रांना पत्ताच मिळेना. भिंतीपलीकडे कार्यालयात यंत्रे होती अवघी पाच, आणि तेथे छप्पन्न पत्ते रिकामे पडून होते. त्या नऊ जणांची चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यावी लागली. वाटणी सारखी होती, हे त्यांस सांगावयास आम्ही गेलो नाही.

हा प्रश्न केवळ आमच्या शाळेचा नाही. साऱ्या जगाच्या इंटरनेटने हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर केली आणि तिचे परिणाम आपला देश आजही भोगीत आहे. तेथवर जाण्यापूर्वी पत्त्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. ती समजण्यास आपणांस टपालखात्याचे साहाय्य घेता येईल.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. ही योजना केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. सहा अंकांतील पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. आमचा आणि महाराष्ट्राचा पहिला अंक एकच आहे, ४. पहिले तीन अंक मिळून पत्रे निवडण्याचा जिल्हा कळतो, भोपाळचे ४६२. उरलेले तीन अंक पत्र कोणत्या टपालकचेरीतून वाटावयाचे ते दाखवितात. दूरच्या टपालकचेरीस शेवटचे अंक पाहण्याचे कारणच नसते. ४६२ दिसले की थैली भोपाळच्या गाडीत. पुढचे भोपाळचे लोक पाहून घेतील.

आयपी पत्त्याचेही असेच आहे. तो आपण १९२.१६८.१.५ असा चार आकड्यांत लिहितो, पण यंत्रास तो बत्तीस स्थानांवर मांडलेल्या शून्य-एकांच्या ओळीसारखा दिसतो. त्या ओळीतील पुढचा भाग म्हणजे गाव आणि मागचा भाग म्हणजे घर. राउटर फक्त गाव पाहतो. मात्र पिनकोडमध्ये गाव कोठे संपते ते कायमचे ठरलेले आहे. येथे ती सीमारेषा सरकविता येते. रेषा कोठे आहे हे सांगणाऱ्या आकड्यास मास्क म्हणतात. २६ स्थाने गावाची म्हटली तर घरासाठी सहा उरतात, आणि सहा स्थानांत ६४ पत्ते मावतात. रेषा एक स्थान डावीकडे नेली की १२८. आणखी एक स्थान नेली की २५६. म्हणून येथील भाग नेहमी दुपटीच्या मापांचेच होतात; पन्नासाचा किंवा शंभराचा भाग पाडता येत नाही. अशा रीतीने पाडलेल्या भागास सबनेट म्हणतात, आणि एकाच गटातून लहानमोठे सबनेट पाडणे हाच या लेखाचा विषय आहे.

आता पुन्हा आपल्या वस्त्यांकडे येऊ. कल्पना करा की ४५ बंगले, ७४ बंगले, ११०० क्वार्टर आणि १२५० क्वार्टर या चार वस्त्यांना, घरटी एक याप्रमाणे, पत्ते द्यावयाचे आहेत, आणि आपणापाशी ८१९२ पत्त्यांचा एक गट आहे, समजा १७२.१६.०.० पासून १७२.१६.३१.२५५ पर्यंतचा. चार सारखे भाग केले तर प्रत्येकास २०४८ मिळतील. १२५० क्वार्टरांचे भागेल, ११०० चेही भागेल. पण ४५ बंगल्यांना २०४८? राखीव तीन सोडले तर तेथे बरोबर २००० पत्ते धूळ खात पडतील. आणि गट मात्र संपला! उद्या पाचवी वस्ती उभी राहिली तर तिला देण्यास एकही पत्ता नाही.

हेच गरजेच्या मापाने करून पाहा. १२५० ला २०४८ चा भाग हवाच, ११०० लाही तोच. कारण १०२४ त्यांना अपुरे पडतील. ७४ ला १२८ पुरे. ४५ ला ६४. बेरीज झाली ४२८८. आठ हजार एकशे ब्याण्णवांतून ३९०४ पत्ते हाती उरले. चौघांपैकी कोणाचेही काही हिरावून घेतले नाही, आणि पाचव्यासाठी, सहाव्यासाठी जागा राहिली.

येथे एक मेख आहे, आणि पुष्कळ लोक तिच्यावरच फसतात. कोणताही भाग वाटेल तेथून सुरू करता येत नाही. २०४८ चा भाग २०४८ च्या पटीवरच सुरू झाला पाहिजे; म्हणजे आपल्या गटात त्याच्यासाठी चारच बैठका आहेत. समजा कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने ४५ बंगले पहिल्या बैठकीच्या आरंभी बसविले, ७४ बंगले दुसऱ्या बैठकीच्या आरंभी, आणि मोठ्या दोन वस्त्या तिसऱ्या व चौथ्या बैठकीवर. दिसावयास फार छान दिसेल. वापरलेले पत्ते तितकेच आणि उरलेलेही तितकेच, ३९०४. आता २००० घरांची नवी वस्ती आली. ३९०४ पत्ते शिल्लक असताना तिला जागा मिळत नाही! दोन्ही मोकळ्या बैठकांच्या उंबरठ्यावर एकेक लहानगा बसलेला आहे.

म्हणून मोठे भाग आधी पाडावे आणि लहान मागाहून, एकाला लागून एक. बदलीच्या वेळी आई ट्रंक भरते तेव्हा आधी पातेली ठेवते आणि मग वाट्या-चमचे त्यांच्या फटींत बसविते. तिला कोणी हे गणित शिकविलेले नसते. आपल्या उदाहरणात १२५० क्वार्टर १७२.१६.०.० पासून, ११०० क्वार्टर १७२.१६.८.० पासून, ७४ बंगले १७२.१६.१६.० पासून आणि ४५ बंगले १७२.१६.१६.१२८ पासून बसतात, १७२.१६.१६.१९२ पासून पुढे सारे मैदान मोकळे राहते, आणि त्यात चौथी बैठक अखंड सापडते.

आता जगाची गोष्ट. १९८१ साली आजच्या पत्त्यांची पद्धत ठरली तेव्हा एकूण पत्ते होते ४,२९,४९,६७,२९६. हा आकडा त्या काळी अक्षय्य वाटला असल्यास नवल नाही. वाटणीसाठी तीनच मापे ठेवली गेली: लहान माप २५६ पत्त्यांचे, मधले ६५,५३६ चे आणि मोठे १,६७,७७,२१६ चे. किराणा दुकानात पावशेर, मण आणि खंडी एवढीच मापे असावीत, शेर-पायली नसावी, तसा हा प्रकार झाला. आमच्या १२५० क्वार्टरांनी तेव्हा पत्ते मागितले असते तर लहान माप तोकडे पडले असते आणि मधले घेतल्यास ६४ हजारांहून अधिक पत्ते वाया गेले असते. लहान मापे पाच घ्यावीत, तर जगातील राउटरांच्या वह्यांत एका वस्तीच्या पाच नोंदी; अशा नोंदी वाढत जाऊन त्या वह्या फुगू लागल्या. मोठ्या मापाचे मानकरी जगात जेमतेम सव्वाशे होऊ शकत होते आणि एकूण पत्त्यांपैकी निम्मे त्यांच्यासाठी काढून ठेवलेले होते. अमेरिकेतील एमआयटी या एका शिक्षणसंस्थेकडे १८ या आकड्याने सुरू होणारे सर्वच्या सर्व पत्ते होते. एवढेच नव्हे, १२७ ने सुरू होणारा पुरा गट संगणकास स्वतःशीच बोलता यावे म्हणून राखला गेला. स्वतःशी बोलण्यास पावणेदोन कोटी पत्ते!

या चुकीची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली. १९८५ साली जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमपत्राने गटाचे पोटभाग पाडण्याची रीत सर्वमान्य केली. पुढे पोटभागही निरनिराळ्या मापांचे असू द्यावे हा विचार आला. पण जुने राउटर एकमेकांस पत्ते कळविताना मास्क कळवीतच नसत, त्यामुळे रेषा सर्वत्र एकाच जागी आहे असे ते धरून चालत. मास्क बरोबर पाठविणाऱ्या पद्धती आल्या तेव्हा लहानमोठे भाग खऱ्या अर्थाने शक्य झाले. १९९३ साली तर तीन मापांची जुनी पद्धतच मोडीत काढून सीमारेषा कोठेही ठेवण्याची मुभा साऱ्या इंटरनेटला मिळाली.

आपल्या देशात सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. पंगतीस आपण आलो तेव्हा वाढपी दोनदा फिरून गेलेले होते. आज अमेरिकेकडे तेथील लोकसंख्येच्या कित्येक पट जुने पत्ते आहेत आणि भारतात माणशी एकही येत नाही. कित्येक घरे एकाच पत्त्याआड दाटीवाटीने बसवावी लागतात. यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. मापे ओबडधोबड होती, आणि जो आधी आला त्याने मागितले ते त्याला मिळाले.

येथवर वाचून चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की गरजेप्रमाणे द्यावे हे खरे, पण गरज कोणी ठरवावयाची? हा प्रश्न आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, आणि भोपाळच्या वस्त्याच तो पुढे आणतात. बंगला कोणास आणि क्वार्टर कोणास हे काही घरात माणसे किती यावर ठरत नसे. ते हुद्द्यावर ठरे. आठ माणसांचे कुटुंब दोन खोल्यांत आणि तिघांचे कुटुंब बागेसह बंगल्यात, यालाही कागदोपत्री 'योग्य वाटणी' म्हणता येतेच. मोठ्या मापाचे पत्ते ज्यांनी घेतले त्यांनीही आपली गरज मोठी आहे असेच सांगितले असणार. म्हणून गरज ही सांगोवांगीची नसावी, ती मोजलेली असावी. कार्यालयाची पाच यंत्रे कोणासही मोजता आली असती. बैठकीत ती मोजली नाहीत, हाच आमचा दोष.

आणि समान वाटणी नेहमीच चुकीची, असेही आमचे म्हणणे नाही. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारात पाचच मोठे गट उरले, तेव्हा ते जगातील पाच विभागांना प्रत्येकी एक असे सारखे वाटले गेले. आशिया-पॅसिफिक विभागाची भूक सर्वांत मोठी. तेथील साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गटावर येऊन ठेपला. त्या दिवसापासून या विभागात नियम झाला, की सभासद लहान असो वा मोठा, या शेवटच्या गटातून कोणासही १०२४ हून अधिक पत्ते मिळावयाचे नाहीत. २०१९ साली ही मर्यादा ५१२ वर आली. आफ्रिका खंडात मात्र मागणी तेव्हा थोडी होती, आणि तेथील साठा पुढे कित्येक वर्षे पुरला. त्या दिवशी गरजेप्रमाणे वाटप झाले असते तर आफ्रिकेच्या हाती फार थोडे लागले असते, आणि आपण जसे १९९५ साली उशिरा पोहोचलो तसे ते पुढे उशिरा पोहोचले असते. कोठार संपत आले असता बलवानाच्या भुकेपासून दुर्बळाला वाचविण्यास सारखी शिधावाटप हाच उपाय उरतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु आमच्या शाळेत कोठार संपत आले नव्हते. तेथे केवळ मोजण्याचा आळस होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा येथे उल्लेख केला पाहिजे. त्याच्याकडेही ३६ ने सुरू होणारा एक संपूर्ण मोठा गट होता. आपल्याला एवढे लागत नाही असे पाहून २००० सालच्या सुमारास त्याने तो परत केला. एमआयटीने आपल्या गटाचा मोठा हिस्सा २०१७ साली विकावयास काढला. तोवर पत्त्यांना बाजारात चांगला भाव आला होता. दोन्ही गोष्टी कायदेशीरच. आमचा कल कोणीकडे आहे हे वाचकांस सांगणे नलगे.

आमचे एक सहकारी म्हणतात, "अहो, आता नव्या पद्धतीचे पत्ते आले, ते बत्तीस नव्हे, एकशे अठ्ठावीस स्थानांचे. एकेका घराच्या जाळ्याला चौसष्ट स्थाने मोकळी मिळतात. आणि शाळेच्या आत वापरावयाचे खाजगी पत्ते तर फुकटच आहेत, १० ने सुरू होणारे सर्वच्या सर्व! मग मुलांना हा काथ्याकूट कशाला?" त्यांचे म्हणणे अर्ध्याहून अधिक खरे आहे. जुन्या पत्त्यांची तंगी असल्यामुळेच भारत नव्या पत्त्यांच्या वापरात आज जगातील आघाडीच्या देशांत आहे. आमच्या शाळेनेही मोठा खाजगी गट घेतला असता तर ती नऊ मुले खोळंबली नसती. पण नव्या पत्त्यांतही गाव आणि घर यांच्यामधली रेषा कोणीतरी आखावीच लागते. जिल्ह्याला किती, तालुक्याला किती, शाळेला किती हे प्रश्न तेथेही आहेतच. शिवाय ४२९ कोटीही एके काळी अक्षय्यच वाटले होते. हे गणित यंत्रावर क्षणात होते हेही खरे. परंतु यंत्रास आकडे कोणते द्यावयाचे, हे खोलीखोलीत जाऊन मोजल्यावाचून कळत नाही.

सुटीनंतर आम्ही मोजले. संगणककक्षात ७० यंत्रे, त्यास १२८ चा भाग. ग्रंथालयात २०, शिक्षकांच्या खोलीत २५, दोघांस ३२-३२. कार्यालयाच्या पाच यंत्रांस राखीव तीन धरून आठांचा भाग नेमका पुरला असता, पण मग सहाव्या यंत्रास जागा राहिली नसती, म्हणून १६ चा दिला. बेरीज २०८. दहावीच्या दोन विद्यार्थिनींनी हे फळ्यावर आमच्याआधी सोडवून दाखविले आणि आमची बेरजेतील एक चूकही दाखविली. आता १९२.१६८.१.२०८ पासून १९२.१६८.१.२५५ पर्यंतचे ४८ पत्ते शिल्लक आहेत.

पुढील वर्षी विज्ञान प्रयोगशाळेत २६ यंत्रे आणि क्रीडा विभागात १० यंत्रे यावयाची आहेत. दोन्ही विभाग या ४८ पत्त्यांत बसवून दाखवावे, आणि प्रत्येकाचा पहिला व शेवटचा पत्ता वहीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावा. ३२ चा भाग २०८ पासून सुरू करता येतो काय, हे लिहिण्यापूर्वी पाहून घ्यावे.